‘नंतर’ नावाचा गट

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावरच्या खोली-किचनमध्ये देवेश परब चार वर्षं एकटा राहत होता. या चार वर्षांत त्या घरात सगळ्यात जास्त बडबड कोणी केली असेल, तर ती कॉम्प्युटरच्या पंख्याने. देवेश स्वतः बोलायचा तो कुरियरवाल्याशी आणि मीटिंगमध्ये. मीटिंगमध्येही ‘माझा आवाज येतोय ना?’ एवढंच जास्त.

नोकरी एका छोट्या कंपनीत होती. ड्रोनने काढलेले हजारो फोटो एकमेकांना जोडून ही कंपनी जमिनीचे नकाशे बनवायची. पुढे कंपनीने ऑफिसची जागा सोडली, सगळ्यांना घरी बसवलं आणि देवेशच्या घरी एक दांडगा कॉम्प्युटर आणून टाकला. त्यावर नकाशेही व्हायचे, मेलही यायच्या आणि देवेशचं खासगी जे काही थोडंफार होतं, तेही त्यावरच चालायचं.

आता अशा यंत्रावर एका वेळी शेकडो कामं चालू असतात. दवाखान्यात टोकन मिळतं तसा प्रत्येक कामाला एक नंबर असतो. सगळ्यांना मोकळं सोडलं तर जो दांडगट तो सगळी ताकद खाऊन बसतो आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून गट पाडायचे, कोणत्या गटाला किती वाटा ते ठरवायचं आणि कामाचा नंबर त्या गटाच्या यादीत लिहायचा. नंबर लिहिला की काम त्या गटाचं झालं. देवेशने तीन गट केले होते: ‘तातडीचं’, ‘रोजचं’ आणि ‘नंतर’. ज्याची कुठेच नोंद नाही ते आपोआप ‘नंतर’मध्ये पडायचं. आणि ‘नंतर’ला गोठवायची सोय होती. गोठवलेलं काम मरत नाही, जागच्या जागी थांबतं. आपण थांबलोय हे त्याला कळतही नाही. सोडलं की अर्ध्या राहिलेल्या अक्षरापासून ते पुढे चालू लागतं.

यात एक खोच असते, आणि ती देवेश कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात ठोकून बसवायचा. एका कामाच्या पोटी दुसरी कामं जन्मतात, या धंद्यात त्यांना पोरंच म्हणतात. बापाला एका गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवलं, तर त्यानंतर होणारी पोरं नव्या गटात जन्मतात. पण जी आधीच जन्मली आहेत, ती जुन्या गटातच राहतात. त्यांचा नंबर वेगळा शोधून वेगळा हलवावा लागतो. “बापाला हलवलं म्हणजे पोरगं मागून येतं असं समजू नकोस रे,” तो सांगायचा, “वाट लागेल.” बारा वर्षं हे सांगत आलेला माणूस स्वतः ही चूक करणार नाही, असं कुणालाही वाटेल. देवेशलाही तसंच वाटत होतं.

देवेशचे वडील गुणाजी परब चारकोपला राहायचे. वय एकोणऐंशी. उभं आयुष्य गिरणीत काढलेलं, त्यामुळे कान अर्धे गेलेले. चारकोपच्या सेक्टरमधलं ते बैठं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं आणि ते सोडायचं नाव काढलं की म्हातारा पायातली चप्पल काढून दारात बसायचा. देवेश तिकडे जाऊन राहू शकला असता. गेला नाही. चार वर्षांपूर्वी जान्हवी, त्याची बायको, सोडून गेली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांसमोर गुणाजी म्हणाले होते, “बायकोक सांभाळूक जमला नाय तुका!” बोलून गेले आणि घरात जाऊन बसले. देवेशने बॅग भरली आणि घाटकोपर गाठलं. त्यानंतर दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायलाही बोलावं लागतं. दर रविवारी फोन व्हायचा. त्यात गोळ्या, पाणी, लाइट, संपलं.

गेल्या वर्षी गुणाजींना चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, एकट्याला ठेवू नका. देवेशने मग त्यांच्या खोलीत, कपाटावर, एक कॅमेरा बसवला. घाटकोपरच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चारकोपची खोली दिसायला लागली: खिडकी, खुर्ची, खाट आणि जमिनीचा एक पट्टा. त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं, पण पहिल्याच दिवशी “बाबा” अशी हाक ऐकून गुणाजींच्या हातातला चहा लुंगीवर सांडला. “भिंतीतसून बोलू नको माझ्याशी,” त्यांनी फोनवर बजावलं. आणि चित्र साठवून ठेवायलाही मनाई. “मी काय चोर आसंय, नोंद ठेवूक?” तेव्हा ना आवाज, ना नोंद. नुसतं बघणं.

मग त्या बघण्याच्या दोघांनी न ठरवता खुणा ठरवल्या. सकाळी नऊ वाजता गुणाजी कॅमेऱ्यासमोर उभे राहून तळहातावरच्या तीन गोळ्या दाखवायचे आणि गिळून झाल्या की आ करून रिकामं तोंड दाखवायचे. बाजारात जायचं तर पिशवी वर करायची. शेजारच्या फ्रेडाताईंकडे जायचं तर कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून दाखवायचा, कारण फ्रेडाताई चर्चला जाणाऱ्या. झोपताना हात हलवायचा. देवेश इकडून हात हलवायचा, जो तिकडे कुणालाच दिसायचा नाही. हे त्याला ठाऊक होतं, तरी हात वर जायचाच.

खरं सांगायचं तर देवेशला हे सोयीचं होतं. बोलायचं नाही, माफी मागायची नाही, मागून घ्यायची नाही, आणि बाप डोळ्यांसमोर. दिवसभरात दुसरं माणूस असं त्याला तेवढंच दिसायचं.

त्या गुरुवारी सकाळी नवाच्या गोळ्या झाल्या. साडेदहाच्या सुमाराला कॅमेरा दाखवणारा प्रोग्रॅम अडकला. रोज कॉम्प्युटर सुरू झाला की हा प्रोग्रॅम आपोआप ‘रोजचं’मध्येच सुरू व्हायचा, देवेशने तशी व्यवस्थाच करून ठेवली होती. आज त्याने तो बंद करून हाताने पुन्हा चालू केला. हाताने चालू केलेलं काम ‘नंतर’मध्ये पडतं, म्हणून त्याने लगेच त्याचा नंबर शोधला, ४१७२, आणि ‘रोजचं’च्या यादीत लिहिला. तेवढ्यात केतनचा फोन आला. केतन त्याचा साहेब, वयाने सात वर्षांनी लहान.

“देवेश, यार, तो पनवेलचा नकाशा आज तीनला पाहिजे. क्लायंट डोक्यावर बसलाय.”

“उद्या ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं रे. आता आज ठरलंय. काय ते बघ ना, प्लीज.”

देवेशने गणित केलं. सगळी ताकद नकाशाला दिली तर चार तासांत होईल. त्याने नकाशाचं काम ‘तातडीचं’मध्ये टाकलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी ‘नंतर’ गोठवला. पंखा घोंगावायला लागला.

राहिलं ते एवढंच. ४१७२ हा नुसती चौकट दाखवणारा बाप होता. चारकोपहून चित्र आणणारं त्याचं पोर, ४१७९, आधीच जन्मलेलं होतं आणि ‘नंतर’मध्येच राहिलं होतं. ते गोठलं. चौकट मात्र जिवंत होती, आणि तिच्या कोपऱ्यातलं घड्याळ याच कॉम्प्युटरची वेळ दाखवत सेकंदासेकंदाने पुढे सरकत होतं. चित्रात गुणाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, एक हात गुडघ्यावर, मान जरा झुकलेली. वेळ पुढे जात होती आणि म्हातारा खुर्चीत डुलकी घेत होता. यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

देवेशने बारा वाजता पाहिलं, बाबा खुर्चीत. साडेबाराला ते जेवतात. पाऊण वाजता पाहिलं, बाबा खुर्चीत. म्हणजे जेवून परत येऊन बसले, असं त्याने धरून चाललं. माणूस रोज जे बघतो ते नंतर बघतच नाही, आणि देवेश तर नकाशाच्या कडा जुळवण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. दीड वाजता त्याने डाळभाताचं ताट आणून पडद्यासमोर ठेवलं. एरवी तो मोबाइल बघत जेवायचा. आज बाबा इतके शांत, इतके समोर बसले होते की त्याने मोबाइल उपडा ठेवला आणि त्यांच्याकडे बघत जेवला. किती दिवसांनी कुणाच्या संगतीने जेवल्यासारखं वाटलं. त्याला मनापासून बरं वाटलं, आणि पुढे आयुष्यभर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

तीन वाजून पाच मिनिटांनी नकाशा झाला. देवेशने तो पाठवला आणि ‘नंतर’ सोडला. कोपऱ्यातलं चित्र उडी मारून पुढे गेलं.

खुर्ची रिकामी होती आणि तिरकी सरकलेली. गुणाजी खाली जमिनीवर होते, खाटेच्या पायाशी, एक पाय विचित्र वळलेला. डोकं वर, तोंड कॅमेऱ्याकडे. त्यांचा उजवा हात हवेत होता. हात छातीवर टेकला, पुन्हा कॅमेऱ्याकडे लांब झाला, पुन्हा छातीवर टेकला आणि तिथेच राहिला.

देवेशने उपडा ठेवलेला मोबाइल उचलला. त्याने फ्रेडाताईंना फोन लावला. फ्रेडाताई म्हणजे चारकोपच्या घराला भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. घराची दुसरी चावी त्यांच्याकडे असायची.

“ताई, बाबा पडलेत. आत्ता जा. छातीत दुखतंय बहुतेक.”

“अरे देवा! कधी पडले?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? सकाळपासून घरात बसून लसूण सोलते मी. एक हाक नाही ऐकली रे!”

मिनिटाभरात त्या चित्रात आल्या, गुडघ्यांवर बसल्या, उशी ओढून गुणाजींच्या डोक्याखाली सरकवली. देवेशने तोवर ‘नंतर’ची यादी उघडली होती. नावं खाली खाली सरकली आणि तळाशी दिसलं, ४१७९. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडला, आणि मग चप्पल शोधत उठला.

मेट्रोने डी. एन. नगर, तिथून बदलून डहाणूकरवाडी, मग फ्रेडाताईंनी फोनवर सांगितलेल्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षा. सगळा रस्ता त्याने एकच वाक्य घोकलं: बाबा, मी बघत नव्हतो. मीच बंद केलं होतं. बाकी काही सांगायचं नाही, सबबी द्यायच्या नाहीत. सांगितल्याशिवाय त्याच्याने बापाच्या डोळ्याला डोळा देववणार नव्हता.

हॉस्पिटलच्या दारातच फ्रेडाताई भेटल्या. पदराने हात पुसत होत्या, हात कोरडे असताना.

“हार्टचं काही नाही. ईसीजीची पट्टी काढली, एकदम झकास आहे म्हणाले. खुब्याचं हाड गेलंय, उद्या ऑपरेशन.” मग आवाज चढला. “साडेअकराला पडले रे ते! साडेतीन तास लादीवर! मी इथे, मधे एवढीशी भिंत. मी विचारलं, काका, आवाज का नाही दिला? तर मलाच रागावतात. म्हणतात, ‘आरडान कित्याक? झील बघता हा माझो. येतोच आसात.’ मुलगा बघतोय म्हणे!”

देवेश भिंतीला टेकला. गेले दोन तास त्याने स्वतःला काय काय सांगून पाहिलं होतं: बाबा बेशुद्ध असतील, ओरडले असतील पण कुणी ऐकलं नसेल. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. एका हाकेवर माणूस होतं, आणि बाबांनी हाक मारली नाही. कारण ते एकटे नव्हते. त्यांच्या मते नव्हते.

वॉर्डात गुणाजी पलीकडच्या खाटेवर होते. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले, पण डोळे टक्क उघडे.

“इलंस? गर्दी होती मेट्रोक?”

“बाबा.” देवेश स्टुलावर बसला. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं. “बाबा, मला तुम्हाला सांगायचंय. मी आज...”

“रव रे. आधी माझा आयक.” गुणाजींनी त्याचं मनगट धरलं. पकड अजून गिरणीतलीच होती. “पडलंय तेव्हा पयला भियालंय. मगे कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघलंय. हिरवो दिवो चालू होतो. म्हटलं, देवेश बघता. म्हणान मगे भय नाय वाटला. दुखा होता, पण भय नाय.”

देवेश स्टूल ओढून आणखी जवळ सरकला.

“आणि मगे म्हटलं, तू येयपर्यंत येळ आसा. दोघांव मोकळे आसंव. चार वर्सा एक गोष्ट सांगूची होती तुका. फोनार जमना नाय. तू समोर उभो ऱ्हवलंस की त्याहून जमना नाय.” म्हाताऱ्याने मनगट आणखी घट्ट धरलं. “आवाज तू बंद ठेवतंस म्हणान हातान सांगलंय. सावकाश, एक एक करून. तुका कळाचा नाय म्हणान तीन-चार येळा सांगलंय. कळला मां?”

छातीवर टेकलेला हात देवेशला पुन्हा दिसला. छातीत दुखत नव्हतं तर. त्या तीन-चार वेळांतली शेवटची शेपटी फक्त त्याने पाहिली होती, ‘मी’ आणि ‘तू’ एवढीच. मधलं सगळं कुणीच पाहिलं नव्हतं आणि कुठे साठलंही नव्हतं.

परत सांगा, असं म्हणता आलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. ‘झील बघता’ या भरवशावर साडेतीन तास लादीवर पडलेल्या त्या माणसाच्या शेजारून त्याचा मुलगा उचलून न्यावा लागला असता, आता, मागाहून. देवेश बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. चार वर्षांत ते तोंड इतकं हलकं त्याने पाहिलं नव्हतं.

“कळलं, बाबा.”

“सगळा?”

“सगळं.”

“परत माका जमाचा नाय हां. एकदाच जमला.” गुणाजींनी डोळे मिटले, आणि लगेच उघडले. आता त्या डोळ्यांत भीती होती, दिवा बघितल्यावर वाटली नाही म्हणाले होते ती. “मगे? तुझा काय म्हणणा?”

देवेशने मनात एकेक उत्तर लावून पाहिलं. माफी मागितली असेल, तर एक उत्तर. परत ये म्हटलं असेल, तर दुसरं. जान्हवीबद्दल असेल, घराबद्दल असेल. शेजारच्या खाटेवरचा पेशंट खोकला. म्हातारा वाट बघत होता.

“हो,” देवेश म्हणाला.

“हो म्हंजे?”

“हो म्हणजे हो, बाबा. चालेल मला.”

गुणाजींच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही. “बरा झाला,” ते म्हणाले, “माका वाटला तू नाय म्हणशीत.” मनगटावरची पकड सैल करून त्यांनी देवेशचा तळवा दोन्ही हातांत घेतला, त्यावर थोपटलं आणि थोड्या वेळाने शांत झोपून गेले.

फ्रेडाताई चहा घेऊन आल्या. बापलेकांचे हात हातात बघून त्या दारातच थबकल्या, मग हलक्या पावलांनी आत येऊन कप कपाटावर ठेवला.

“बोललात वाटतं एकदाचे,” त्या कुजबुजल्या. “काय म्हणाले रे?”

देवेशने त्यांच्याकडे पाहिलं. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला माहीत नव्हतं, आणि आता ते विचारायचं असं एकच माणूस होतं. ते समोर झोपलं होतं.